मीटर टाकू द्या, मग बॅग ठेवा

वाचक विचारतात

ओझरहून विमाने उडू लागली तरी नाशिककरांचा लांबचा आणि परदेशचा प्रवास अजून मुंबईवरूनच होतो. विमानात बसेपर्यंत सगळे बिनचूक असते, घोळ होतो तो उतरल्यावर, टॅक्सीच्या रांगेत. या वेळच्या पत्रांत तेच प्रश्न जास्त असल्याने बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : सत्तरीतले आई-वडील प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा घेऊन दुबईहून मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वर दुपारी पावणेचारला उतरतील. संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीहून पकडायची आहे. टॅक्सी मीटरने करावी की प्रीपेड? साधारण किती होतील?
– एक वाचक, इंदिरानगर

भाड्याआधी वेळेचा हिशोब करू, कारण खरी अडचण तिथे आहे. विमान पावणेचारला टेकले तरी इमिग्रेशन, पट्ट्यावरच्या बॅगा आणि कस्टम उरकून बाहेर पडायला पाच वाजतील असे धरा. पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. टी-२ ते सीएसएमटी हे साधारण २५ किलोमीटर अंतर संध्याकाळी सव्वा तासात कापणे हा जुगार आहे. पंचवटी दादरलाही थांबते आणि टी-२ पासून दादर साधारण १३ किलोमीटर, म्हणजे निम्म्यावर. चार्ट तयार होण्याच्या बऱ्याच आधी बोर्डिंग स्टेशन बदलून दादर करून घ्या. दादरला गाडी फार थांबत नाही, तेव्हा हमाल आधीच ठरवून डबा कुठे लागतो ते विचारून ठेवावे लागेल.

आता भाडे. मुंबई महानगर प्रदेशात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दर १ फेब्रुवारी २०२५ पासून असे आहेत : पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. निळ्या, एसी कूल कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ४८ रुपये आणि पुढे किलोमीटरला ३७ रुपये २० पैसे. म्हणजे काळ्या-पिवळीने दादर : ३१ अधिक साडेअकरा गुणिले २०.६६, सुमारे २६९ रुपये. सीएसएमटी : ३१ अधिक साडेतेवीस गुणिले २०.६६, सुमारे ५१७ रुपये. हे निव्वळ अंतराचे झाले. गाडी सिग्नलला किंवा कोंडीत उभी राहिली की मीटर किलोमीटरऐवजी वेळ मोजतो, त्याचे पैसे यावर चढतात. संध्याकाळी दादरला ३२०–३५० झाले तर चालकाने फसवले असे समजू नका.

मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत यावर २५ टक्के जास्त. हा अधिकृत नियम आहे, हुज्जत घालण्यात अर्थ नाही. फक्त एक बघा : रात्री मीटर टाकल्यावर पहिलाच आकडा ३१ ऐवजी ३९ दिसला, तर रात्रीची वाढ मीटरमध्येच धरलेली आहे. उतरताना त्यावर पुन्हा पाव हिस्सा द्यायचा नाही.

वांद्रे–वरळी सागरी सेतूने गेलात तर मोटारीचा एका वेळचा टोल १०० रुपये, तो प्रवाशाने द्यायचा. त्याला जोडलेल्या किनारी रस्त्याला टोल नाही. चालक अनेकदा गाडी वळवल्यावर सांगतो, "साहेब, सेतूने जाऊ ना?" हा निर्णय बसतानाच घ्या. दादरसाठी सेतूची गरज नाही. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला आहे. विमानतळावरून शहरात जाताना तसेही ते नाके वाटेत येत नाहीत, त्यामुळे "नाक्याचा टोल" म्हणून कोणी काही मागितले तर देऊ नका.

मीटर की प्रीपेड? प्रीपेड नेहमी थोडे महाग पडते, कारण वाहतूककोंडीची भरपाई त्या दरात आधीच धरलेली असते. उलट कितीही कोंडी झाली तरी पावतीवरचा आकडा हलत नाही. आई-वडील एकटेच आहेत, रस्ते माहीत नाहीत, वेळ संध्याकाळची : त्यांच्यासाठी प्रीपेडच घ्या. मुंबई पायाखालची असेल त्याने मीटरने जावे. प्रीपेडची पावती चालकाच्या हातात द्यायची ती उतरल्यावर, बॅगा खाली आल्यावर. त्याला त्या पावतीवरच पैसे मिळतात, म्हणून ती खिशात असेपर्यंत तुमचे म्हणणे ऐकले जाते. अनेक जण बसतानाच ती देऊन मोकळे होतात आणि मग स्टेशनच्या अलीकडच्या चौकात उतरवले जातात.

बॅगा हलक्या असत्या तर टॅक्सी सुचवलीच नसती. भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, टी-२ ला तिचे स्टेशन आहे आणि गाडी न बदलता सीएसएमटीला उतरता येते. पाच वाजता मुंबईत वेळेची खात्री देणारे एवढे एकच साधन आहे. पण प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा घेऊन सत्तरीतल्या माणसांना गर्दीच्या वेळी त्यात पाठवू नये.

प्रश्न : टी-२ वरून गिरगावला मीटरने गेलो. मीटर पळत होता असा संशय आला, पण सिद्ध कसे करायचे कळेना. फास्ट मीटर ओळखायची काही युक्ती आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड

आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आधी मीटर काय मोजतो ते समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक मीटरला रस्ता दिसत नाही. चाक फिरले की गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरमधून ठोके येतात आणि अमुक ठोके म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण मीटरमध्ये भरलेले असते. ते प्रमाण तपासून वैधमापनशास्त्र विभाग सील मारतो. मीटर पळवायचा म्हणजे एक तर ते प्रमाण बदलायचे, नाही तर मधल्या वायरीत जादा ठोके घुसवायचे.

टायरचाही परिणाम होतो. टायर झिजला किंवा मूळ मापापेक्षा लहान बसवला की तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे जास्त होतात. व्यास दोन टक्क्यांनी कमी झाला तर २५ किलोमीटरचे मीटरवर साडेपंचवीस होतील, म्हणजे दहा रुपयांचा फरक. एवढ्यासाठी भांडू नका. खरी लबाडी दहा रुपयांची नसते. ती भाडे दीडपट करते आणि म्हणूनच पकडता येते.

पहिली खूण सुरुवातीलाच दिसते. मीटर टाकला की ३१ दिसले पाहिजेत आणि दीड किलोमीटर होईपर्यंत ते ३१ च राहिले पाहिजेत. रस्ता मोकळा असताना, गाडी कुठेही न थांबता, पाचशे-सातशे मीटरवरच आकडा हलला तर मीटरमध्ये काही तरी गडबड आहे. ३१ ऐवजी २८ दिसले तर मीटर जुन्या दराचा आहे. अशा वेळी परिवहन खात्याचा मंजूर दरतक्ता दाखवायला सांगा, तोंडी हिशोब मान्य करू नका. ३१ हून मोठा आकडा आधीच दिसत असेल, तर मागच्या भाड्याचा मीटर बंदच केलेला नाही. हा प्रकार तर अगदी रोजचा. म्हणून बॅग डिकीत जाण्यापूर्वी मीटर टाकू द्या आणि आकडा डोळ्यांनी बघा. मीटरवर टॉवेल किंवा देवाचा फोटो टेकवलेला असेल तर बाजूला करायला सांगा, त्यात संकोच कसला?

दुसरी पद्धत उलट्या हिशोबाची. मीटरच्या आकड्यातून ३१ वजा करा, उरलेल्याला २०.६६ ने भागा, त्यात दीड मिळवा. येतात ते "मीटरचे किलोमीटर". समजा मीटर ६०० झाला : ५६९ भागिले २०.६६ म्हणजे साडेसत्तावीस, अधिक दीड, एकूण २९. तुमच्या मोबाइलच्या नकाशावर प्रवास २५ किलोमीटर दिसत असेल, तर चार किलोमीटरचे पैसे थांबण्याचे झाले. माहीम किंवा पेडर रोडला अडकला असाल तर हे पटण्यासारखे आहे. पण त्याच रस्त्याला ९०० झाले असतील तर हिशोब साडेत्रेचाळीस किलोमीटरचा होतो, आणि रात्री दहाच्या मोकळ्या रस्त्यावर त्याला कुठलेही स्पष्टीकरण नाही. नकाशा मात्र बसतानाच सुरू करायला हवा, उतरताना नाही.

संशय पक्का झाला तरी रस्त्याच्या मध्ये गाडी थांबवून वाद नको. मीटरचा आकडा, नंबरप्लेट आणि चालकाचा बिल्ला यांचे फोटो घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे वेळ आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. तक्रार गाडी ज्या आरटीओची असेल तिथे करायची : एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. मीटर पुन्हा तपासणीला बोलावण्याचा अधिकार त्यांचा असतो. पेठ रोडच्या आपल्या आरटीओत ही तक्रार घेऊन जाण्यात उपयोग नाही.

प्रश्न : ओझरला उतरून सिडकोत यायचे असते. तिथे मीटरची टॅक्सी का मिळत नाही? दर वेळी वेगळाच आकडा सांगतात.
– एक वाचक, सिडको

मुंबईसारखी हात दाखवून थांबवायची, मीटरवर चालणारी टॅक्सी नाशकात रूढच झाली नाही. आपल्याकडे काळी-पिवळी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती द्वारकेवरून किंवा महामार्ग बसस्थानकाजवळून सीट भरून सुटणारी गाडी. तिचा हिशोब सीटवर असतो. मीटर असतो तो रिक्षाला, आणि तोही कितीदा टाकला जातो हे तुम्हीच सांगा.

ओझरचा दर वर-खाली होण्याचे कारण सरळ आहे. विमाने दिवसभरात मोजकी, त्यामुळे गाड्यांची रांग कायम उभी नसते. विमानाच्या वेळेला गाड्या शहरातून रिकाम्या येतात आणि मधल्या वेळेत परतीचे गिऱ्हाईक नसते. चालक तुमच्याकडून वीसेक किलोमीटरचे नाही, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचे पैसे वसूल करत असतो. अ‍ॅपवरची गाडी "येतो" म्हणून रद्द होते तीही याच हिशोबाने.

म्हणून ओझरसाठी घासाघीस विमानतळावर नव्हे, आदल्या दिवशी फोनवर करायची. ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. भाडे पूर्ण गाडीचे की माणशी? सोडणार दारापर्यंत की द्वारकेपर्यंत? सिडको, सातपूर, नाशिकरोड ही ठिकाणे "नाशिक" या शब्दात धरली आहेत का? (द्वारका ते नाशिकरोड आणखी आठेक किलोमीटर पडतात आणि वाद तिथेच होतो.) आणि विमान उशिरा आले तर थांबण्याचे किती, पार्किंगचे पैसे कोणाचे? हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत लिहून घेतले की "मी असं म्हटलंच नव्हतं" हा विषय संपतो.

एकटे असाल, सामान थोडे असेल तर सिटीलिंक या शहर बससेवेच्या अ‍ॅपवर त्या दिवसाच्या फेऱ्या बघून घ्या. विमानाच्या वेळेशी जुळली तर खर्च अगदीच किरकोळ. जुळण्याच्या भरवशावर मात्र निघू नका.

प्रश्न : द्राक्षाच्या कामासाठी ओझरहून दिल्लीला जावे लागते. तिथे मीटरचे काय नियम?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

दिल्लीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जानेवारी २०२३ पासूनचे दर : पहिल्या किलोमीटरला ४० रुपये, पुढे साध्या गाडीला १७ आणि एसीला २० रुपये किलोमीटर. टर्मिनल ३ ते कॅनॉट प्लेस साधारण १६ किलोमीटर, म्हणजे एसी गाडीने ३४० आणि वर थांबण्याचे. रात्रीची २५ टक्के वाढ दिल्लीत ११ वाजताच सुरू होते, मुंबईसारखी १२ ला नाही. साडेअकराला बाहेर पडणाऱ्या आपल्या माणसाला ती वाढ फसवणूक वाटते, पण ती तशी नाही.

बाहेर दिल्ली वाहतूक पोलिसांचा प्रीपेड बूथ असतो, नवख्याने तोच गाठावा. कॅनॉट प्लेस किंवा नवी दिल्ली स्टेशनला जायचे असेल तर एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीस मिनिटांच्या आसपास पोचवते, तिच्यापुढे टॅक्सीचा विचारही नको. आझादपूर मंडीला जायचे असले तरी आधी मेट्रोने शहरात येऊन तिथून पुढे जाणे वेळेच्या दृष्टीने बरे पडते. नमुन्याच्या पेट्या सोबत असतील तरच थेट टॅक्सी.

प्रश्न : चार जण, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. काळ्या-पिवळीत मावतील का? सामानाचे वेगळे पैसे लागतात म्हणे.
– एक वाचक, नाशिकरोड

नाही मावणार. परवाना चार प्रवाशांचा असला तरी बहुतेक टॅक्सी आता लहान, सीएनजीवरच्या आहेत आणि टाकी डिकीतच आडवी बसवलेली असते. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आणि एखादी पिशवी जाते. बाकीचे टपावरच्या कॅरिअरला. जुन्या पद्मिनीची डिकी ऐसपैस होती, पण शेवटची नोंदणीकृत पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा त्या आठवणीवर हिशोब करू नका.

आठ मोठ्या बॅगांना दोन टॅक्सी किंवा एक सहा-सात आसनी गाडी, मागची सीट पाडलेली. दोन टॅक्सी करणार असाल तर प्रत्येक गाडीत एक तरी पत्ता माहीत असलेला आणि फोन चालू असलेला माणूस हवा. परदेशातून आल्यावर निम्म्या लोकांचे सिम बंद असते, हे ऐनवेळी लक्षात येते.

कॅरिअरवर बॅग ठेवायची तर दोरी तुमच्याकडे असू द्या. नायलॉनची पाच-सहा मीटर दोरी चेक-इन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. दोरी बॅगेवरून नुसती ओढून बांधू नका, बॅगेच्या हँडलमधून ओवून मग कॅरिअरच्या दांडीला बांधा, म्हणजे एक गाठ सुटली तरी बॅग घसरत नाही. चाकांची बाजू मागे ठेवा. पावसाळ्यात आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बॅग आणि मग दोरी. उलटे केले तर वाऱ्याने प्लास्टिक फाटते.

सामानाचे पैसे नियमात आहेत आणि रक्कम नगामागे किरकोळ असते. हातातल्या लहान पिशव्यांना ते लागत नाहीत. "बॅगेचे शंभर" असे कोणी म्हणाले तर दरतक्त्यातली ओळ दाखवायला सांगा.

प्रश्न : पुतणीने काढलेल्या तिकिटावर नुसते "मुंबई" नाही, "नवी मुंबई" आहे. तिथून दादरला टॅक्सी परवडेल?
– एक वाचक, सिन्नर

तिकिटावरची तीन अक्षरे बघा. अंधेरीच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम, उलव्याजवळच्या नव्याचा एनएमआय. दोन्ही ठिकाणी काळ्या-पिवळीचे दर एकच आहेत, कारण ते संपूर्ण महानगर प्रदेशासाठी ठरतात. फरक अंतरात आणि टोलमध्ये आहे. चालकाने अटल सेतू घेतला तर मोटारीला एका बाजूचे २५० रुपये टोल मीटरच्या वर. दक्षिण मुंबईला जाणाऱ्याला तो वेळेत भरून निघतो, पण दादरसाठी वाशीमार्गे जाणे स्वस्त पडते आणि वाशीच्या नाक्यावर आता मोटारीला टोल नाही. सिन्नरला परत यायचे असेल तर मुंबईत शिरूच नका. शिळफाट्याकडून मुंबई–नाशिक महामार्गाला लागा. त्या प्रवासासाठी मीटरची टॅक्सी करायची नसते. बाहेरगावची गाडी ठरवा आणि पडघ्याजवळच्या अर्जुनली व घोटीच्या टोलचे पैसे भाड्यात धरलेत का ते विचारून घ्या.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. विमान न्यूयॉर्कच्या जेएफकेला उतरते. पिवळ्या टॅक्सीला ७० डॉलर ठरलेले असतात असे ऐकले, खरे का?
– एक वाचक, कॉलेज रोड

अर्धे खरे. ७० डॉलरचा ठोक दर जेएफके ते मॅनहॅटन एवढ्यापुरताच आहे. त्यावर संध्याकाळच्या गर्दीचे ५ डॉलर, सरकारी अधिभार, वाटेतला टोल आणि १५ ते २० टक्के टिप. एडिसन दुसऱ्या राज्यात असल्याने तिथे हा दर लागू नाही. चालकाशी निघण्यापूर्वी रक्कम ठरवावी लागते आणि ती चांगलीच मोठी असते. मुलाला घ्यायला येऊ द्या. पुढच्या वेळी तिकीट काढताना नेवार्कचे विमान मिळते का बघा, ते विमानतळ न्यू जर्सीतच आहे.

प्रश्न : चालकाने मीटरने यायला नकार दिला तर?
– एक वाचक, पंचवटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे भाडे नाकारणे हा दंडनीय गुन्हा आहे, टॅक्सीसाठी ५०० रुपयांपर्यंत. विमानतळावर लगेच उपयोगी पडते ते दारात उभ्या वाहतूक पोलिसाला गाडीचा नंबर सांगणे. रांग लावणारा माणूस अनेकदा तेवढ्यानेच दुसरी गाडी पुढे घेतो. लेखी तक्रारीला गाडीचा नंबर, तारीख, वेळ, नेमके ठिकाण आणि कुठे जायचे होते या पाच गोष्टी पुरतात. चालकाचे नाव माहीत असण्याची गरज नाही. निघाल्यावर मध्येच धमकी किंवा उतरवण्याची भाषा झाली तर आरटीओ नंतर, आधी ११२.